बॅलेचा उत्तरार्ध

२ नोव्हेंबर, रविवार

आज वर्गाला जेमतेम आठ-दहा डोकी. कापसाची वेचणी सुरू आहे, तुळशीची लग्नं आहेत, कुणाकडे तरी वास्तुशांत आहे. जेवायला बोलावलं तर सगळं दारव्हा गाव लोटतं, कान उघडायला बोलावलं की प्रत्येकाला कामं आठवतात. तरी मी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला एका रविवारी पडदा लावतोच. कॉलेजात इतिहास शिकवत होतो तेव्हापासून लावतो. जगातले नावाजलेले ऑपेरा आणि बॅले या गावाला कुणी दाखवले असतील तर ते मी, प्रा. नीळकंठ पांढरीपांडे, संस्थापक-अध्यक्ष, रसिक मंडळ. हे मलाच लिहावं लागतं, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

आज परदेशी खलाशाची वाट पाहणाऱ्या त्या जपानी मुलीचा ऑपेरा दाखवला. जहाज बंदराला लागतं आणि ती रात्रभर दाराशी उभी राहते, त्या जागी मी चित्र थांबवलं आणि म्हणालो, "ही वाट पाहत नाहीये. हिला कळलेलं आहे. ज्याला कळलेलं असतं तोच माणूस इतका स्थिर उभा राहतो." टाळ्या पडल्या. भीमराज, म्हणजे आमचा चिटणीस, इथेच शाळेत मास्तर आहे आणि मंडळाचं यंत्र तोच चालवतो, तो खाली उतरताना म्हणाला, "सर, आमाले हे दिसतच नाही जी. तुमाले कसं सुचते?" मी म्हटलं, साधना लागते.

वाक्य मुळात रत्नप्रभेचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं. परवा मी घरी तयारी करत होतो तेव्हा ती बाजूला बसून मेथी निवडत होती, त्यात बोलून गेली. ती असं काही काही बोलते. बोलते ते किती मोलाचं आहे याचा तिला पत्ता नसतो, म्हणून ऑपेरा पाहताना मी वही-पेन जवळ ठेवतो. खाणीतून दगड कुणीही काढील, मूर्ती घडवणारा वेगळा असतो.

संध्याकाळी मुंबईहून चारुदत्तचा फोन. एक परदेशी कंपनी येते आहे, बॅले घेऊन. तोच, शापामुळे दिवसा हंस होणाऱ्या राजकन्येचा, जगातला सगळ्यांत गाजलेला. समोर जिवंत वाद्यवृंद. चिरंजीवांनी आम्हा दोघांची तिकिटं काढली आहेत, पंधरा तारखेची. एवढी वर्षं ज्याच्यावर बोललो ते एकदाही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, हे शल्य कुणाला सांगणार? मला खरंच रडू आलं. रत्नप्रभेला सांगितलं तर म्हणाली, "दोघांची?" आणि मग पुन्हा, "दोघांची काढली?" आनंद व्यक्त करायची तिची पद्धत अशीच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि भीमराजच्या पोरीने काढलेलं हंसाचं चित्र. हंसाची मान बदकासारखी झाली होती, पण भावना पोचली. या वेळी मात्र हॉल भरला होता. मुंबईला जाऊन बॅले पाहणारा माणूस कसा दिसतो हे बघायला आले असावेत. मी बोलताना जाहीर करून टाकलं की तीस तारखेला "प्रत्यक्ष पाहिलेला बॅले" या विषयावर व्याख्यान देईन. भीमराज म्हणाला बॅनर लावू, बसस्टँडवर पण लावू.

कार्यक्रम पाचचा होता, सुरू सव्वासहाला झाला, कारण प्रमुख पाहुण्यांची गाडी नेरच्या रस्त्याला पंक्चर झाली. कुणी कुरकुर केली नाही. पाहुणा येईपर्यंत थांबतो तोच खरा रसिक.

घरी आल्यावर रत्नप्रभेने विचारलं, "तिथं ते वाजवणारे लोक दिसतात का? का आतमध्येच असतात?" मी सांगितलं, मंचासमोर खड्डा असतो, त्यात बसतात. तर म्हणे, "मंग मागच्या लोकांना काय दिसत असेल?" मी म्हटलं, तू कशाला त्यात डोकं घालतेस, मी आहे ना सांगायला. तिने नवी साडी घेतली आहे, मोरपंखी. सत्कारालाच नेसेल असं वाटलं होतं, पण म्हणाली मुंबईसाठी आहे. सत्काराच्या वेळी ती मागे बायकांत बसली होती आणि तिला मंचावर बोलवायचं माझ्या लक्षात आलं नाही. ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही ते महत्त्वाचं वाटलं नसणार.

१६ नोव्हेंबर, रविवार. मुंबई



काल काय झालं ते क्रमाने. सकाळी मुंबईत उतरलो, चारुदत्तकडे आंघोळी-जेवणं झाली. बॅले सातला. दुपारी मला आठवलं की रूपसिंगजी इथेच राहतात, नाट्यगृहापासून फार लांब नाही. आपल्या दारव्ह्याच्या तांड्यावरचे, मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर चढले, आता निवृत्त. एवढं मुंबईपर्यंत यायचं आणि आपल्या माणसाला न भेटता जायचं हे बरं दिसत नाही. शिवाय त्यांच्या ओळखी आहेत, मंडळाला उपयोगी पडतील. रत्नप्रभा म्हणाली, "उद्या जाऊ ना. आज राहू द्या." मी म्हटलं, कार्यक्रमाआधी वेळ आहे तर सत्कारणी लावू.

रूपसिंगजींनी फार अगत्य केलं. चहा झाला, पोहे झाले, मी मंडळाचा सगळा इतिहास सांगितला. रत्नप्रभा सारखी घड्याळाकडे पाहत होती, मला ते बरं वाटेना. लोकांच्या घरी बसून असं करतात का? शेवटी रूपसिंगजीच म्हणाले, "सर, निघा आता. हे दारव्हा नोहे. इथं कोनी कोनासाठी थांबत नाही." मी हसलो. एवढा मोठा कार्यक्रम, परदेशी कलावंत, दोन देशांचे अधिकारी, सातला कसा सुरू होईल? दीपप्रज्वलन होईल, राजदूत बोलेल, मंत्री बोलेल, पुष्पगुच्छ होतील. मी आयुष्यभर कार्यक्रम केले आहेत. उठता उठता त्यांनी आल्बम काढला, तो तर पाहायलाच हवा होता.

टॅक्सीत रत्नप्रभा पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. बाहेर गर्दी नाही, सनई नाही, काही नाही. मला वाटलं चला, लवकरच आलो. आत गेलो तर दारं बंद. दारावर काळ्या कोटातली एक मुलगी, उर्वशी नावाची, छातीवर पट्टी होती. म्हणाली, "सॉरी सर, परफॉर्मन्स सुरू झालाय. मध्यंतरापर्यंत दार उघडता येणार नाही."

मी तिला तिकिटं दाखवली. मग मंडळाचं कार्ड दाखवलं. मग समजावून सांगितलं की आम्ही यवतमाळ जिल्ह्यातून आलो आहोत, एक रात्र गाडीत काढली आहे, मी या विषयाचा अभ्यासक आहे आणि तिच्या जन्माच्या आधीपासून यावर बोलतो आहे. ती "हो सर, हो सर" म्हणत राहिली आणि दार काही उघडलं नाही. मी आवाज चढवला तेव्हा दोन रखवालदार जवळ आले. भिंतीवर एक टीव्ही लावला होता, उशिरा आलेल्यांसाठी. ती म्हणाली, "तोवर इथे बघू शकता सर." टीव्ही. मला म्हणाली टीव्हीवर बघा. जन्मभर मी टीव्हीवरच पाहत आलो, बाई, म्हणून तर इथे आलो ना. हे मनातच म्हटलं आणि तिकिटं कोटाच्या खिशात ठेवली.

दाराच्या आतून वाद्यांचा आवाज यायचा, आणि तोच आवाज टीव्हीतून किंचित मागून यायचा. रत्नप्रभा टीव्हीसमोर गेली नाही. ती त्या बंद दाराला जवळजवळ कान लावून उभी राहिली, पूर्ण वेळ. गुडघे दुखतात तिचे, तरी. मी दोनदा म्हटलं बस, लोक बघताहेत. तिने मान वळवली नाही.

मध्यंतर झालं, दारं उघडली, आणि उर्वशी म्हणाली, आता जाऊ शकता. मी म्हटलं, नाही. मी कलाकृती अर्धी पाहत नाही. उष्टं अन्न मला चालत नाही. अपमान गिळून खुर्चीत जाऊन बसायला मी कुणी उपरा प्रेक्षक नव्हतो. आम्ही आत्ताच्या आत्ता परत जाऊ, असं मी रत्नप्रभेला म्हणालो.

तिने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, आपलं तिकीट काढून घेतलं आणि आत गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी सोफ्यावर बसून राहिलो. ती पाच-दहा मिनिटांत परत येईल असं वाटलं होतं, कारण ती मला सोडून कुठे बसत नाही. आली ती सगळं संपल्यावर, गर्दीबरोबर, अगदी शेवटी. चेहरा ओला होता. मला वाटलं माझा अपमान तिच्या जिव्हारी लागला. म्हटलं, जाऊ दे, रडू नकोस. त्यावर तिने इतकं विचित्र पाहिलं माझ्याकडे, की मी टॅक्सी बघायला निघून गेलो.

१७ नोव्हेंबर. परतीची गाडी

चारुदत्तला सांगितलं की बॅले उत्तम झाला. तो म्हणाला, "बाबा, आई तर काहीच बोलून नाही राह्यली." म्हटलं, थकली आहे.

आता एकच गोष्ट महत्त्वाची. मी तो बॅले पाहिला नाही हे दारव्ह्यात कुणाला कळता कामा नये. बसस्टँडवर बॅनर आहे. वर्षानुवर्षं त्या हॉलमध्ये ज्यांच्यासमोर मान ताठ ठेवली त्यांच्यासमोर मी "दाराबाहेर बसलो होतो" असं सांगू? हे लोक पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे. ऑपेरामास्तर म्हणतात मला. एकदा हसायला सापडलो की मंडळ संपलं, आणि मंडळाशिवाय माझ्याजवळ दुसरं आहे काय?

मार्ग मात्र सोपा आहे. उत्तरार्ध रत्नप्रभेने पाहिला आहे. ती मला सांगेल, मी मांडीन. आजवर असंच चालत आलं आहे.

१८ नोव्हेंबर

बडनेरा स्टेशनाहून येताना जीपमध्येच दोघांनी विचारलं, "कसा झाला सर बॅले?" अलौकिक, म्हणालो. घरी पोचतो तर भीमराज हजर. "सर, बॅनर पाहिलं का? महागावहून बी मास्तर लोक येऊन राह्यले." मी म्हटलं, येऊ देत. तो रत्नप्रभेकडे वळला, "काकू, तुमाले आवडला?" ती म्हणाली, "हो." एवढंच. नशीब.

दुपारी वही घेऊन तिच्याजवळ बसलो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हटलं, हं, सांग, पडदा उघडल्यावर आधी काय दिसलं? ती म्हणाली, "राजवाडा." मग? "मग नाचले." अगं पण कसे नाचले? "चांगले." मी म्हटलं, तुला झालंय काय? एरवी तर न विचारता बोलतेस. ती शेंगा सोलत राहिली.

२२ नोव्हेंबर

चार दिवस हेच. मी रागावून पाहिलं, गोडीत पाहिलं. काल बाजारातून तिला आवडतो तो काळा गूळ आणला, तिने डब्यात भरून ठेवला. आज म्हटलं, हे बघ, माझी अब्रू तुझ्या हातात आहे, राजकन्येचं रूप घेऊन राजपुत्राला फसवणाऱ्या त्या काळ्या हंसिणीच्या नाचाबद्दल तरी सांग. पूर्वी घरी पाहताना तू म्हणाली होतीस ना, ज्या बाईवर जीव टाकला तिला ओळखता येत नाही तो राजपुत्र कसला. ते मी तीन व्याख्यानांत वापरलं. लोकांना फार आवडतं. तसंच काहीतरी.

तेव्हा ती पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली, "तुमाले सगळं देलं मी. घरात दिसलं ते देलं, टीव्हीत दिसलं ते देलं. एवढं एक मले राहू द्या."

मी म्हटलं, अगं, राहू दे म्हणजे काय? ती काय डब्यात ठेवायची वस्तू आहे? सांगितल्याने कमी होते का? त्यावर म्हणाली, "होते."

बायकांच्या हट्टाला काही तर्क नसतो. चूक झाली ती त्या पोरीची, दार तिने लावलं, आणि शिक्षा मात्र मला. आज जेवलो नाही. तिने ताट झाकून ठेवलं आणि झोपायला निघून गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

व्याख्यान झालं.

हॉल इतका कधी भरला नव्हता. जिन्यात माणसं उभी होती. मी रात्रंदिवस बसून जुन्या चित्रफिती पाहून तयारी केली होती, तेच सगळं "मी पाहिलं", "माझ्या डोळ्यांसमोर" असं म्हणत सांगितलं. झुंबरं सांगितली, मखमल सांगितली, वाद्यवृंदाचा खड्डा सांगितला. टाळ्याही पडल्या, पण मला माझाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटत होता. रत्नप्रभा पुढच्या रांगेत बसली होती, मोरपंखी साडीत. तिच्याकडे पाहायचं मी टाळलं.

शेवटी दीपमालाताई उठल्या, कन्याशाळेच्या. त्यांनी विचारलं, "सर, एवढे वर्षं तुमी आमाले पडद्यावरच दाखवलं. मंग खरंखुरं पाहिल्यावर काय वेगळं वाटलं? जे पडद्यावर कधीच नाही दिसत, असं एक सांगा."

साधा प्रश्न होता. मी म्हणालो, "भव्यता." त्या उभ्याच राहिल्या, पुढचं ऐकायला. मी म्हणालो, "वातावरण." मागे कुणीतरी खोकलं. मग म्हणालो, "ते शब्दांत सांगता येत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य उच्चारलं असेन. भीमराजने मला सावरायला म्हणून की काय, ध्वनिक्षेपक उचलला आणि म्हणाला, "काकूंनी बी पाहिला ना. काकू, तुमी सांगा दोन शब्द."

तिने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मी दाराबाहेर होतो एवढं म्हटलं असतं तर जिन्यातल्या पोराटोरांपर्यंत हसू गेलं असतं आणि उद्या सकाळी चहाच्या टपऱ्यांवर तेच चाललं असतं. ती उठली. ध्वनिक्षेपक हातात घेतला नाही. म्हणाली, "सरांनी सांगितलंच सगळं. मी वेगळं काय सांगू." आणि खाली बसली. लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या.

तिने मला वाचवलं. हे मी नाकारत नाही, मी कृतघ्न माणूस नाही. घरी आल्यावर मी स्वतः चहा केला, तिला दिला, आणि समोर बसलो. म्हटलं, झालं आता सगळं. व्याख्यान संपलं, आता मला कुठे काही बोलायचं नाही. माझ्यासाठी म्हणून सांग. नवरा-बायको म्हणून सांग. मला खरंच पाहायचा होता गं तो बॅले. हे म्हणताना माझा आवाज फुटला, आणि ते काही नाटक नव्हतं.

तिने कप खाली ठेवला. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला. असा चेहरा मी फार वर्षांत पाहिला नव्हता, किंवा लक्ष दिलं नव्हतं. म्हणाली, "पाय वाजतात त्यांचे."

मी विचारलं, कुणाचे?

"त्या हंस झालेल्या पोरींचे. टीव्हीत नुसतं संगीत ऐकू येते, त्या हवेतून चालल्यावानी दिसतात. तिथं पाय वाजतात. उडी मारून खाली आल्या की फळीवर धप्प होते. सगळ्या सोबत उतरल्या की मोठा आवाज होते. मले आधी धक्काच बसला. म्हटलं, अरे, ह्या तर वजनाच्या बाया आहेत. दमतात. श्वास ऐकू येते. अन् तरी तोंडावर काही दिसू देत नाहीत. मंग मले असं वाटलं का..."

आणि थांबली.

मी म्हटलं, हं, काय वाटलं? ती माझ्या हाताकडे पाहत होती. मीही पाहिलं. हातात पेन होतं, मांडीवर वही होती, आणि अर्धं वाक्य उतरवून झालं होतं. कधी घेतली मला आठवत नाही, जवळच पडलेली असते. मी म्हटलं, अगं, हे सहज, सवयीने, तू बोल.

तिने दोन्ही कप उचलले आणि आत गेली. नळाचा आवाज आला. मी दोनदा हाक मारली. ती म्हणाली, "काही नाही. झालं सांगून."

एवढ्याशा गोष्टीवरून माणसाने बोलणं तोडावं याचं मला नवल वाटतं. लिहून ठेवणं म्हणजे उलट तिच्या बोलण्याचा मान नाही का? पण हे तिला कोण समजावणार. असो. "पाय वाजतात" हे मात्र उत्कृष्ट आहे, दीपमालाताईंना नेमकं हेच हवं होतं. पुढच्या महिन्याच्या वर्गात सुरुवातच त्याने करावी म्हणतो.